‘गिअर’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दाची आणि आपल्या आकड्यांची झडती

प्रबंधातलं ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण बहुतेक जण घाईत लिहितात. निष्कर्षांवर महिनोन्‌महिने डोकं चालतं, आणि हे प्रकरण मात्र आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधावरून दोन दिवसांत उरकलं जातं. वाचणारेही तिथे फारसे थांबत नाहीत. आज मला त्या प्रकरणातल्या एकाच शब्दावर थांबायचं आहे. तो शब्द म्हणजे ‘गिअर’.

रत्नागिरीत मत्स्यविज्ञान शिकणाऱ्याला हा शब्द लवकरच भेटतो. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ सालचं. तिथे काय किंवा देशातल्या दुसऱ्या कुठल्या मत्स्य महाविद्यालयात काय, ‘क्राफ्ट आणि गिअर’ ही जोडी ठरलेली असते. क्राफ्ट म्हणजे नौका. गिअर म्हणजे मासे पकडायला जे जे वापरलं जातं ते सगळं: जाळी, गळ, दोर, सापळे. पण मिरकरवाडा बंदरावर जाऊन एखाद्या तांडेलाला ‘तुमचा गिअर कोणता?’ असं विचारून बघा. तो तुम्हाला इंजिनाच्या गिअरबॉक्सबद्दल सांगायला लागेल. त्याचं काही चुकत नाही. मराठीत हा शब्द मुख्यतः गाडीतून आणि इंजिनातून आला. पहिला गिअर, रिव्हर्स गिअर, ‘गिअर पडत नाही’. जाळ्याला तो जाळंच म्हणतो, आणि नुसतं जाळं असंही म्हणत नाही. रापण, पर्सनेट, ट्रॉल, डोल, पाग अशी नावं घेतो.

म्हणजे एकाच बोटीवर एका शब्दाचे दोन अर्थ उभे असतात, आणि बोटीवरच्या माणसांचे शब्द तिसरेच. नवख्या विद्यार्थ्याला हा भाषेचा किरकोळ घोळ वाटतो. मला तो किरकोळ वाटत नाही. आपण ‘गिअर’ हा शब्द इतक्या सपाटपणे वापरतो की जाळं ही एक ‘वस्तू’ आहे, तिचं नाव आणि लांबी लिहिली की काम झालं, अशी आपली समजूत होते. ती समजूत पुढे आकड्यांत शिरते, आणि आकड्यांतून निष्कर्षांत. या लेखात माझी तक्रार त्या सवयीबद्दल आहे.

शब्द आला कुठून

इंग्रजीत हा शब्द साधारण १३व्या शतकाच्या सुमारास दिसायला लागतो. तो आला उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून. तिथे ‘गेर्वी’ म्हणजे पोशाख, सामान. आणि त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘तयार करणे, सिद्ध करणे’. म्हणून सुरुवातीला इंग्रजीत गिअर म्हणजे अंगावर चढवायची गोष्ट: कपडे, चिलखत, शस्त्रं. मग घोड्याचा साज, कारागिराची हत्यारं, घरातलं सामान, जहाजाचे दोर आणि शिडाची व्यवस्था. दातेरी चाकाचा अर्थ १६व्या शतकातला, आणि मोटारीच्या गिअरचा तर आणखी कितीतरी नंतरचा. आपल्याकडे शेवटचा अर्थ आधी पोचला आणि जुना अर्थ पाठ्यपुस्तकातून मागून आला, इतकंच.

त्याच्या भावंडांकडेही बघा. ‘इक्विपमेंट’ हा शब्द फ्रेंचमधून आला, पण बहुतेक भाषाअभ्यासक त्याचं मूळ जुन्या नॉर्समधल्या ‘जहाज’ या शब्दाशी जोडतात. इक्विप करणे म्हणजे मुळात जहाज सफरीसाठी सज्ज करणे. ‘टॅकल’ हा शब्द डच आणि उत्तर जर्मन किनाऱ्यावरचा, तोही जहाजाच्या दोरखंडांचा. ‘अ‍ॅपरेटस’ लॅटिन, आणि त्याच्याही पोटात ‘तयारी करणे’ हेच क्रियापद आहे. प्रयोगशाळेच्या कपाटावर लिहिलेला तो गंभीर शब्द मुळात ‘केलेली तयारी’ एवढंच सांगतो.

इथे एक सावधगिरी. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्दाचं मूळ अमुक होतं म्हणून आजही त्याचा अर्थ तोच असला पाहिजे, हा युक्तिवाद कच्चा आहे. प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘हा शब्द लॅटिनमधील अमुक शब्दापासून आला आहे’ असं लिहून परिच्छेद भरण्याची जी पद्धत आहे, तिच्यातून बहुतेक वेळा काहीच सिद्ध होत नाही. मूळ सांगितल्यावर तुमचा विषय एक पाऊल तरी पुढे सरकला का, हे स्वतःला विचारा. नसेल सरकला तर ते वाक्य काढून टाका.

मग मी हे मूळ का सांगितलं? कारण त्यातून एक प्रश्न मिळतो. गिअर म्हणजे सज्ज केलेली गोष्ट असेल, तर ती कुणी सज्ज केली, कशासाठी, आणि त्या सज्जतेत नेमकं काय काय धरायचं? ‘वस्तू’ म्हटलं की हे प्रश्न पडत नाहीत. ‘तयारी’ म्हटलं की पडतात.

मराठीत कोणता शब्द

मराठीत लिहिताना आपण गिअर, इक्विपमेंट, अ‍ॅपरेटस, इन्स्ट्रुमेंट या सगळ्यांना सर्रास ‘उपकरण’ म्हणून मोकळे होतो. ‘मासेमारीची उपकरणे’ असं वाचलं की डोळ्यासमोर काय येतं? निदान माझ्या डोळ्यासमोर काचेच्या कपाटात ठेवलेलं काहीतरी येतं. चारशे मीटरचं ओलं जाळं येत नाही.

आपल्याकडे शब्द कमी नाहीत, फरक करायचा आळस आहे. ‘उपकरण’ म्हणजे करण्याला मदत करणारं. त्याचा रोख क्रियेकडे आहे. ‘साधन’ म्हणजे ज्याने साध्य गाठायचं ते. त्याचा रोख हेतूकडे आहे. ‘सामग्री’ हा शब्द ‘समग्र’वरून आलेला, त्याचा रोख सगळं जमलं की नाही, याकडे आहे. पूजेची सामग्री म्हटल्यावर त्यात कापूर राहिला तरी चालत नाही. मासेमारीच्या गिअरला मला या तिघांत ‘सामग्री’ जवळचा वाटतो, कारण जाळं एकटं कधीच मासे पकडत नाही. त्याला तरंगणारे बोये लागतात, बुडवणारी वजनं लागतात, दोर, विंच, बोट आणि ते टाकणारी माणसं लागतात.

आणखी एक शब्द बघा: ‘सरंजाम’. फारसीतून आलेला, अर्थ सिद्धता, व्यवस्था. आजही आपण ‘लग्नाचा सरंजाम’ म्हणतो. मराठेशाहीत सरदाराने फौज बाळगावी म्हणून त्याला ज्या मुलखाचा महसूल तोडून दिला जाई, त्यालाही सरंजाम म्हणत. पुढे त्यावरूनच ‘सरंजामशाही’ हा शब्द आला. म्हणजे सामानाचा शब्द त्या सामानामागच्या माणसांच्या नात्यांचा शब्द झाला. घोडे आणि तलवारी कुणाच्या पैशाने, कुणाच्या हुकमाने उभ्या राहतात, हे त्या शब्दाने आपल्या पोटात घेतलं.

आता ‘रापण’ या शब्दाकडे या. होडीतून एक लांब जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ही झाली पाठ्यपुस्तकातली व्याख्या. पण कोकणात रापण म्हणजे फक्त जाळं नाही. ती मासेमारीची रीत आहे, आणि ते जाळं ओढणाऱ्या, मिळालेल्या मासळीचे वाटे करणाऱ्या माणसांचा गटही आहे. गोव्यात तर जाळ्याचं नाव माणसांनाच लागलं. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन यांच्याविरुद्ध जे आंदोलन झालं ते ‘रांपणकारां’चं आंदोलन म्हणून ओळखलं जातं, आणि १९८० साली तिथे सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतरच्या वर्षीचा, १९८१चा.

रापणीला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बीच सीन’ म्हणतात, संक्षेप एस-बी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, यादीतला तो संकेत आहे. ही यादी उपयोगाची आहे, ती नाकारायचं कारण नाही. जगभरचे आकडे एका तक्त्यात आणायचे तर असा काहीतरी संकेत लागतोच. पण ती वाचताना डोळे उघडे ठेवा. ‘पर्ससीन’ आणि ‘बीच सीन’ या दोन्ही नावांत ‘सीन’ आहे म्हणून ती एका घरातली समजू नका. यादीत पर्ससीन ‘घेरणाऱ्या जाळ्यां’च्या वर्गात आहे आणि बीच सीन ‘ओढण्याच्या सीन जाळ्यां’च्या. आपलं बोंबलाचं डोल जाळं तर त्या यादीत ‘सापळ्यां’च्या वर्गात बसतं. ते भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून एका जागी उभं राहतं, प्रवाह मासे आणून त्यात घालतो. नावावरून वर्ग ओळखायला गेलात तर तीनपैकी दोनदा फसाल. जाळं चालतं कसं, हे बघावं लागतं.

एडिंग्टनचं जाळं

संशोधनपद्धतीच्या वर्गात जाळ्याची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांच्या १९३९ सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ फिजिकल सायन्स’ या पुस्तकात ती आहे. एक मत्स्यशास्त्रज्ञ दोन इंची डोळ्याचं जाळं समुद्रात टाकतो, आलेले जीव तपासतो आणि दोन नियम मांडतो: समुद्रातला कुठलाही जीव दोन इंचांपेक्षा लहान नसतो, आणि समुद्रातल्या सगळ्या जीवांना कल्ले असतात. बघणारा म्हणतो, अहो, लहान जीव तुमच्या जाळ्यातून निसटले असतील. शास्त्रज्ञ उत्तर देतो की माझ्या जाळ्यात जे सापडत नाही ते माझ्या शास्त्राच्या कक्षेतच येत नाही.

गोष्ट छान आहे. साधन ज्ञानाला मर्यादा घालतं, हे ती एका मिनिटात पटवते. पण रत्नागिरीत राहून मला ती तीन ठिकाणी तोकडी वाटते.

पहिली गोष्ट, खरं जाळं दोन इंचांवर रेघ मारत नाही. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीत काही लहान मासे अडकतात, काही निसटतात. लांबी वाढत जाते तशी अडकण्याची शक्यता वाढते आणि एस आकाराची वक्ररेषा मिळते. ज्या लांबीला निम्मे मासे अडकतात ती ‘पन्नास टक्के लांबी’ आपण मोजतो. त्यात डोळ्याचा आकार बदलत असतो. ताण बसला की तिरपे, शंकरपाळ्यासारखे डोळे मिटत जातात. चौकोनी डोळे उघडे राहतात. म्हणून तर लहान मासळी निसटावी यासाठी ट्रॉलला चौकोनी डोळ्यांची पिशवी सुचवली जाते.

दुसरी गोष्ट, जाळं फक्त लहानांनाच सोडत नाही. गिलनेटमध्ये मासा डोळ्यात शिरून कल्ल्यापाशी अडकतो. लहान मासा आरपार जातो हे खरं, पण मोठ्याचं डोकं मुळात आतच शिरत नाही. मधल्या आकाराचे सापडतात आणि वक्ररेषा घंटेसारखी होते. एडिंग्टनच्या शास्त्रज्ञाकडे गिलनेट असतं तर त्याने ‘समुद्रात अमुक लांबीपेक्षा मोठा जीव नसतो’ असाही नियम मांडला असता, आणि बघणाऱ्याला ती चूक पकडणं जास्त अवघड गेलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एडिंग्टनचं जाळं शास्त्रज्ञाचं स्वतःचं आहे आणि ते जाणून घेण्यासाठी टाकलेलं आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे नमुने मात्र मिरकरवाड्याला, हर्णैला किंवा जयगडला उतरलेल्या मासळीतून येतात. ते जाळं विकण्यासाठी सज्ज केलेलं असतं. त्याचा डोळा, ते टाकायची वेळ आणि जागा, सगळं त्या दिवशी कुठल्या मासळीला भाव आहे आणि डिझेल किती जळणार आहे यावर ठरतं. नकोशी मासळी कधी समुद्रातच टाकून दिलेली असते. आपल्या टेबलावरचा बांगडा आधी तांडेलाच्या आणि व्यापाऱ्याच्या चाळणीतून गेलेला असतो, मग आपल्या मोजपट्टीखाली येतो. दाखला म्हणून एडिंग्टनची गोष्ट सांगायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबलो तर ‘गिअर म्हणजे डोळ्याचा आकार’ ही सवय उलट पक्की होते.

आकडा कुठे बिघडतो

आता हे सगळं तुमच्या प्रबंधात काय करतं ते बघू. आपल्याकडच्या अनेक प्रबंधांचा साचा असा असतो: वर्षभर दर महिन्याला एका जातीच्या माशांच्या लांब्या मोजायच्या, त्या फायसॅट या संगणक प्रणालीत भरायच्या, वाढ आणि मृत्युदर काढायचे, आणि शेवटी साठ्याचा जास्त उपसा होतोय की नाही ते सांगायचं.

यातला मृत्युदर कसा निघतो? लांबीनुसार माशांची संख्या मांडली की एका टप्प्यानंतर ती घसरत जाते. मोठे मासे कमी दिसतात, कारण बाकीचे मेले, असं आपण धरतो. घसरण जितकी तीव्र तितका एकूण मृत्युदर मोठा. आता नमुना फक्त गिलनेटचा असेल तर? मोठे मासे कमी दिसण्याची दोन कारणं एकत्र झाली. काही खरंच मेले, आणि काही जिवंत आहेत पण जाळ्यात शिरले नाहीत. दुरुस्ती केली नाही तर प्रणाली दोघांनाही मेलेलेच धरते. एकूण मृत्युदर फुगतो.

नैसर्गिक मृत्युदर आपण बहुधा डॅनियल पॉली यांच्या १९८०च्या सूत्रावरून काढतो. त्यात वाढीचे आकडे आणि पाण्याचं तापमान लागतं. ही फुगलेली घसरण त्या सूत्रात येतच नाही, म्हणून तो आहे तिथेच राहतो. एकूणातून तो वजा केला की उरतो मासेमारीमुळे होणारा मृत्युदर, आणि सगळी सूज त्याच्या माथी बसते. समजा, खरा एकूण मृत्युदर वर्षाला २ आहे आणि नैसर्गिक १.२. मग मासेमारीचा वाटा ०.८, आणि उपशाचं गुणोत्तर ०.४. गिलनेटमुळे एकूण आकडा २ऐवजी ३ आला, तर मासेमारीचा वाटा होतो १.८ आणि गुणोत्तर ०.६. गुणोत्तर ०.५च्या वर गेलं की ‘अतिउपसा’ असं लिहायची प्रथा आहे. म्हणजे ज्या साठ्याबद्दल ‘ठीक आहे’ म्हणायला हवं होतं, त्याच्याबद्दल तुम्ही धोक्याची घंटा वाजवली. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण चुकीची दिशा हीच असते.

उलट दिशेची चूकही गिअरमधूनच येते. आपण ‘प्रति एकक प्रयत्न मासळी’ मोजतो, म्हणजे एका फेरीला किंवा एका तासाला किती किलो. ती घसरली नाही तर साठा चांगला, असं धरतो. पण तारली, बांगडा हे थव्याने राहणारे मासे. पर्ससीन पूर्ण थवा घेरते आणि खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढून बटव्यासारखी मिटते. त्यात मासे शोधणारी यंत्रं आली. समुद्रात दहा थव्यांचे पाच झाले तरी बोट सरळ उरलेल्या थव्यावर जाते आणि जाळं भरतं. फेरीमागचा आकडा तोच राहतो आणि साठा मात्र निम्मा झालेला असतो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर कॉड माशाच्या बाबतीत हे घडलं. मोठ्या ट्रॉलरचे पकडीचे दर बराच काळ चांगले दिसत राहिले, कारण मासे उरलेल्या जागी दाटत होते आणि बोटी ते शोधण्यात तरबेज होत होत्या. साठ्याचा अंदाज फुगत राहिला. शेवटी जुलै १९९२मध्ये सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो माणसांचा धंदा गेला. गिअर ही न बदलणारी वस्तू मानली की असं होतं. नाव तेच राहतं, तयारी दरवर्षी वाढते, आणि तक्त्यातला ‘एक फेरी’ हा रकाना दोन्हींना सारखंच मोजतो.

कायद्यातला गिअर

‘शब्दावरून इतकं कशाला?’ असं कुणी विचारेल. कारण आपल्या किनाऱ्यावर या शब्दावरून माणसांची पोटं चालतात किंवा थांबतात. कुठल्या भागात कुठला गिअर वापरायचा, यावर निर्बंध घालण्याचा अधिकार १९८१च्या कायद्याने राज्य सरकारला दिला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता मर्यादित केला. नोव्हेंबर २०१७मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या उजेडात मासेमारी करायला बंदी घातली. रत्नागिरीत पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला संघर्ष यातून मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंची माणसं याच गावात राहतात.

आता एलईडी दिव्याचाच प्रश्न घ्या. दिवा म्हणजे गिअर आहे का? गिअर म्हणजे जाळं, असं म्हणाल तर नाही. दिवा मासे पकडत नाही. पण गिअर म्हणजे पकडण्यासाठी केलेली सगळी तयारी, असं म्हणाल तर आहेच. दिव्याने मासे गोळा होतात आणि मग तेच जाळं वेगळंच जाळं होतं. तुमच्या तक्त्यात दिवा लावलेली आणि न लावलेली पर्ससीन एकाच ओळीत असेल, तर त्या ओळीची सरासरी कशाची आहे?

अशा वादात दोन्ही बाजूंना ‘अभ्यास काय सांगतो’ ते हवं असतं. तुमचा प्रबंध ग्रंथालयात पडून राहील असं तुम्हाला वाटत असेल. पण त्यातलं एक वाक्य उचलून कुणी निवेदनात घालू शकतो. ‘बांगड्याचा अतिउपसा होत आहे’ हे वाक्य एका गिलनेटच्या नमुन्यावर उभं असेल, तर ते चुकीच्या माणसाच्या विरुद्ध वापरलं जाईल. ‘साठा स्थिर आहे’ हे वाक्य पर्ससीनच्या फेऱ्यांवर उभं असेल, तर ते समुद्राच्याच विरुद्ध जाईल. दोन्ही वेळा तुम्ही प्रामाणिकच असाल, आणि तरी नुकसान होईल.

मग लिहायचं कसं

नेहमीचं वाक्य असं असतं: ‘नमुने विविध गिअरमधून गोळा करण्यात आले.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की ते एकमेकांकडे बघून लिहिलेलं असावं, अशी मला शंका आहे. त्याच्या जागी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

पहिला, जाळ्याचं स्थानिक नाव काय आणि ते चालतं कसं? रापण असेल तर रापण लिहा, पुढे एफएओचा संकेत द्या. स्थानिक नाव गाळू नका. दुसरा, डोळा किती, आणि तो मोजला कसा? ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजलं, की शेजारच्या दोन गाठींमधली एक बाजू मोजली? दुसरी मोजणी पहिलीच्या निम्मी येते. नुसतं ‘डोळा ४० मिमी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला तो ४० की ८० हे कळत नाही. एक डोळा मोजू नका. ओळीने दहा मोजा आणि सरासरी घ्या. तिसरा, जाळ्याबरोबर आणखी काय सज्ज होतं? इंजिन, विंच, मासे शोधणारं यंत्र, दिवे. चौथा, ही तयारी कशासाठी होती? कुठल्या मासळीसाठी, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर. पाचवा, मासे तुमच्यापर्यंत येण्याआधी निवड कुणी केली? बोटीवर, लिलावात, की मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीत?

आणि सहावं वाक्य, जे सहसा कुणी लिहीत नाही: ‘या गिअरमध्ये अमुक आकाराचे मासे सापडत नाहीत, त्यामुळे पुढील निष्कर्ष त्यांना लागू नाहीत.’ हे लिहिल्याने प्रबंध कमकुवत होईल अशी भीती बाळगू नका. परीक्षकाने तो प्रश्न विचारण्याआधी तुम्ही स्वतः विचारला, एवढंच त्यातून दिसतं.

हे फक्त मत्स्यविज्ञानाचं आहे असं समजू नका. कीटकशास्त्रात एका प्रकारच्या सापळ्याने कीटक धरणारे, हवेतले कण एका गाळणीने मोजणारे, समाजशास्त्रात प्रश्नावली घेऊन घरोघर जाणारे, सगळ्यांकडे जाळं असतंच. दुपारी अकरा ते चार या वेळेत भरून घेतलेली प्रश्नावली कामावर गेलेल्या माणसाला पकडत नाही. तीही एक तयारीच आहे, आणि तिचाही डोळा मोजता येतो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत जाळी किनाऱ्यावर पसरलेली असतात, माणसं ती विणत, सांधत बसलेली असतात आणि हंगामापेक्षा बोलायला मोकळी असतात. ज्यांना पुढच्या हंगामात नमुने गोळा करायचे आहेत त्यांनी सप्टेंबरची वाट बघू नये. मोजपट्टी आणि वही घेऊन आत्ताच जावं. ‘गिअर कोणता?’ असं विचारू नका, इंजिनाची माहिती मिळेल. ‘हे जाळं कशासाठी बांधलंय, आणि यातून काय निसटतं?’ असं विचारा.